ज्याचा दोष नाही, त्याला क्षमा कशी द्यावी?

कऱ्हाडच्या बाजूला एका धर्मग्रामात मी सेवेला होतो, तेव्हाची ही गोष्ट. २०१८ च्या पावसाळ्यात आमची आवारभिंत खचली आणि ती पुन्हा उभी करण्यासाठी पाटण तालुक्यातून एक वयस्कर गवंडी आला. मिस्त्री कामाला चोख होता. परंतु दुपारची भाकरी तो व्हरांड्यात कधी खाई ना. चिंचेखाली जाऊन बसे. काम लांबले म्हणून मुक्कामाला खोली देऊ केली, तर त्याने घोंगडी उघड्यावरच अंथरली. मला प्रथम वाटले, भिडस्त माणूस आहे. मग मनात आले, आपल्या समाजातील जुन्या शिवाशिवीचे ओझे ह्याच्या मनावर अजून असेल. ही दोन्ही अनुमाने साफ चुकीची होती. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याची घाई आम्हा धर्मगुरूंना जरा अधिकच असते.

भिंत पुरी होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपण होऊन सांगितले. पुढे जे लिहितो आहे ते पापनिवेदनातील नाही, हे आधीच स्पष्ट करतो. त्या कक्षातला एक शब्दही कोणी धर्मगुरू लिहीत नसतो. मिस्त्री आपल्या श्रद्धेतलाही नव्हे. नाव-गाव न सांगता लिहायला त्याची परवानगी आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोरे हादरले. रिश्टर मापनावर साडेसहाच्या आसपासचा तो धक्का पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे गेली, हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या, पण धरण टिकले. शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासूनच त्या भागात लहान हादरे बसत होते आणि सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा हादरा येऊन गेलाच होता. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध तपासणारे जगभरचे शास्त्रज्ञ त्यानंतर कोयनेचे नाव घेऊ लागले. घरे दगडमातीची, भिंती जाड, चुना-सिमेंटचा बंध नाही. डिसेंबरची थंडी, सगळे दारे लावून आत झोपलेले. माणसे मेली ती बहुतेक आपल्याच घरांच्या भिंतींखाली.

मिस्त्री त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याच्या शेजारी चार वर्षांची धाकटी बहीण झोपली होती. जमीन हलली तसा तो उठला, बहिणीचा हात धरला आणि दाराकडे धावला. उंबऱ्यापाशी भिंत आली. तो बाहेर पडला. हातात हात नव्हता.

"हात माझाच सुटला बघा, फादर."

आईला उजाडल्यावर कळले. तिने त्याला एवढेच विचारले, "तिला का न्हाई आणलंस?" नंतर ती माउली तीस वर्षे जगली आणि त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. दुःखाच्या पहिल्या घटकेला तोंडातून निघालेला तो प्रश्न होता. त्यात आरोप नसेलही. परंतु दहा वर्षांच्या मुलाने तो निकाल म्हणून ऐकला, आणि पन्नास वर्षे तो शिक्षा भोगत आला होता. छताखाली झोप नाही. दर डिसेंबरात, कॅलेंडर न पाहता, पहाटे चारच्या आधी जाग. ट्रक जवळून गेला आणि जमीन थरथरली की उजव्या हाताची मूठ आपोआप वळते.

हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्यात म्हणे पाप सांगितलं की सुटतं. मी तुमच्यातला न्हाई, पर मला एकदा तेवढं द्या."

मी त्याला म्हटले, "मिस्त्री, तुमचा काहीच दोष नव्हता. तुम्ही लहान होता. भिंत पडली त्याला तुम्ही काय करणार?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुणाचाच दोष न्हाई म्हणता. मग ती पोर गेली ती कुणाच्या हिशोबात धरायची?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सकाळी भिंत पुरी करून तो निघून गेला. त्या प्रश्नाने मात्र मला बरीच वर्षे सोडले नाही.

वाचकहो, सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला जे शिकवले गेले त्याप्रमाणे माझे उत्तर बिनचूक होते. गंभीर पाप घडण्यासाठी बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनाची मोकळी संमती हवी. येथे जाणीव आणि संमती ह्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला हा साक्रामेंत देता येत नाही, हे तर कोणतेही शाळकरी मूल सांगेल. शास्त्राचाही आधार माझ्या बाजूला होता. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्वतःच बजावले आहे. पण ते मेलेल्यांविषयी होते. बुरुजाखालून जो निसटला, तो घरी जाऊन कसा झोपला, हे लूकने लिहिलेले नाही.

मनोविज्ञान ह्या बाबतीत आमच्या पुष्कळ पुढे गेले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत परतलेल्या सैनिकांना भित्रे ठरवून काहींना गोळ्याही घालण्यात आल्या. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहिल्यावर, १९८० साली, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या ह्या विकाराला आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, त्याची आठवण देणारी ठिकाणे टाळणे, झोप उडणे, बारीक आवाजाने दचकणे ही त्याची ओळख. त्या पहिल्या यादीत आणखी एक लक्षण होते: इतर मेले आणि आपण वाचलो ह्याबद्दल वाटणारी अपराधी भावना. आमच्या मिस्त्रीचे वर्णन जणू कोणी समोर बसून लिहिले होते.

एक गोष्ट मात्र त्या पुस्तकी वर्णनात बसत नाही. तज्ज्ञ म्हणतात, धोका संपला तरी शरीराला तो संपलेला वाटत नाही. कोयना खोऱ्यात धोका संपलेलाच नाही. साठ वर्षे होत आली, तेथील जमीन अजून मधूनमधून हलते. तेथल्या माणसाला 'भूकंप होऊन गेला, आता विसर' असे कोणत्या तोंडाने सांगावे? आघाताच्या स्मृतीला जेथे जमीनच दुजोरा देते, तेथे भय हा केवळ भ्रम म्हणता येत नाही.

पण मला खरी अडचण पुढेच दिसते. वैद्यकाने अपराधभावनेला लक्षण म्हटले. आम्ही तिला शंकाकुल विवेक म्हणतो. दोघांचाही कल ती लवकरात लवकर काढून टाकण्याकडे. मिस्त्रीला ती काढून टाकायची आहे असे दिसते, कारण तो क्षमा मागतो. आणि तरीही 'दोष नाही' असे म्हटले की तो दुखावतो. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा?

इटलीतील ज्यू रसायनशास्त्रज्ञ आणि लेखक प्रीमो लेव्ही ऑशविट्झच्या छळछावणीतून जिवंत परतले. मृत्यूच्या वर्षभर आधी, १९८६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. १९४४ चा ऑगस्ट, असह्य तहान. ढिगारा उपसताना एका तळघरात त्यांना पाण्याची नळी सापडली. तिच्यात जेमतेम लिटरभर पाणी असेल. ते त्यांनी स्वतः आणि एका जिवलग मित्राने गुपचूप पिऊन टाकले. तिसऱ्या एका सोबत्याने ते ताडले आणि छावणीतून सुटका झाल्यावर पुष्कळ दिवसांनी विचारले, तुम्ही दोघे, मग मी का नाही? लेव्ही हा सूक्ष्म विचाराचा माणूस. चार दशके ते ह्या लिटरभर पाण्याचा विचार करीत राहिले. वाटणारी ही लाज रास्त की गैर, हे आपल्याला तेव्हाही ठरवता आले नाही आणि आजही येत नाही, पण लाज मात्र होती आणि आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. लाखो माणसे मारणाऱ्यांपैकी कितीएकांना लाज वाटली नाही, आणि तहानेने तडफडणाऱ्याला पाण्याच्या घोटाची लाज वाटली. आपल्याकडेही हेच चित्र दिसते. निष्काळजीपणाने माणसे दगावतात तेव्हा ज्यांनी जबाबदारी घ्यावी ते कागद पुढे करतात, आणि अपराधी वाटते ते हात सुटलेल्या आईला. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीला चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक गेले. त्या गर्दीत कोणाकोणाचे हात सुटले असतील, ह्याचा हिशोब कोणत्याही अहवालात सापडत नाही.

दुसरे स्मरण होते ते बर्नार्ड विल्यम्स ह्या इंग्रज तत्त्वचिंतकाचे. १९७६ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने ट्रकचालकाचे उदाहरण घेतले आहे. चालकाची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाही दुःख होईल, पण चालकाचे दुःख निराळे. आपण सगळे त्याला समजावू, की बाबा, तुझा दोष नाही. आणि समजावणे योग्यच. पण तो जर चटकन म्हणाला, 'खरेच की, माझा काय संबंध?' आणि पुढच्या ढाब्यावर जेवायला बसला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकेल. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा ते कागलपर्यंत रोज असे कितीतरी चालक जातात. हे उदाहरण आपल्याला परके नाही.

मला वाटते, मिस्त्रीच्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. ज्याच्या हातून हात सुटला त्याचे आणि त्या मृत्यूचे एक नाते असते. ते दोषाचे नाते नसते, तरी ते असतेच. 'तुझा दोष नाही' असे म्हणताना आम्ही नकळत 'तुझा संबंध नाही' असे सुचवतो, आणि त्याच ठिकाणी तो माणूस आमच्यापासून दुरावतो. त्या चार वर्षांच्या मुलीला शेवटचा स्पर्श त्याचा झाला होता. तिचा फोटो नाही, शाळेच्या पटावर नाव नाही, आईवडील गेले. जगात ती कोठे उरली असेल तर ती त्याच्या त्या दुखण्यात. ते दुखणे आम्ही एका वाक्यात पुसायला निघालो, तर तो त्याला तिचा दुसरा मृत्यूच वाटणार.

मग त्याला क्षमा देऊन टाकावी काय? साक्रामेंत म्हणून नव्हे, माणूस म्हणून 'जा, तुला क्षमा केली' असे म्हणावे? माझ्या काही धर्मगुरू बंधूंचे मत तसे आहे: त्याने शांती मिळत असेल तर दोन शब्दांना काय मोल पडते? मला हे पटत नाही. क्षमा म्हटली की अपराध गृहीत धरला. दहा वर्षांच्या मुलाने भीतीपोटी स्वतःविरुद्ध दिलेल्या निकालावर आम्ही झगा घालून शिक्कामोर्तब केले, असा त्याचा अर्थ होईल. दयेपोटी खोटे बोलणे हेही खोटेच. आणि अशी शांती टिकत नाही; पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा येईल, आणि ह्या वेळी त्याचा अपराध धर्मगुरूनेही मान्य केलेला असेल.

अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक नियम आहे. रानात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले आणि शेजाऱ्याला लागून तो मेला, तर त्या माणसाने शरणपुरात पळून जावे. अशी सहा नगरे होती. त्या नियमात तो खुनी ठरत नाही, आणि 'जा घरी, काही झाले नाही' असेही त्याला कोणी म्हणत नाही. त्याला राहायला जागा दिली आहे, शेजार दिला आहे, रस्ते नीट राखायला सांगितले आहेत. गणनेच्या पुस्तकात आणखी एक तपशील येतो: प्रमुख याजक मरेपर्यंत त्याने तेथे राहावे, मग आपल्या वतनावर परतावे. म्हणजे ह्या मुक्कामाला शेवट आहे, पण तो त्याच्या मर्जीने येत नाही आणि शेजाऱ्यांच्या घाईनेही येत नाही. नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण कितीदा जातो! एकोणिसाव्या शतकात तेथे चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ठेवून घेतले होते. त्या वस्तीचे नाव किती योग्य होते, हे मला फार उशिरा उमगले.

आपली धर्मग्रामे अशी शरणपुरे आहेत काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला, येरळा जेथे कृष्णेला मिळते त्या परिसरात, पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली. बायका गेल्या, लेकरे गेली. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. ह्या प्रत्येक वेळी आपण धावलो. तांदूळ, चादरी, भांडी वाटली, हे चांगलेच झाले. पण वाटप संपले तसे आपण परतलो. पूर ओसरला की पेपरातूनही ओसरतो. मनाचे दुखणे त्यानंतर, महिन्यांनी, घर सावरून झाल्यावर वर येते; आणि तेव्हा दारात कोणी नसते. उलट पहिल्या आठवड्यात मात्र आपण लहान मुलांना 'कसे झाले ते सांग' म्हणून बोलते करतो, कधी कॅमेऱ्यासमोरसुद्धा. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाला सारे ओकायला लावल्याने फायदा होत नाही, कधी अपायही होतो, असे तज्ज्ञांच्या पाहणीत दिसून आले आहे. पहिल्या दिवसांत पाणी, पांघरूण, आपल्या माणसांचा ठावठिकाणा आणि गप्प बसू देणारी सोबत एवढेच पुरे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्यापाशी जमिनीवर नुसते बसून राहिले. त्यांनी तोंड उघडले तेथून त्यांचे चुकत गेले.

दुखणे महिनोन्‌महिने टिकले तर मात्र नुसती सोबत पुरत नाही. तेव्हा डॉक्टरकडे जाण्यात श्रद्धेला कसलाही कमीपणा नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण 'प्रार्थना वाढवा' एवढाच सल्ला ऐकून परतलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि तो सल्ला एके काळी मीही दिला आहे. २०२२ पासून केंद्र सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे; तेथे मराठीतून बोलता येते.

मिस्त्री मला दीड वर्षाने पुन्हा भेटला. मीच त्याच्या गावी गेलो. ह्या वेळी मी काही समजावले नाही; बहीण कशी होती ते विचारले. तो तासभर बोलला. तिला गूळ कसा आवडे, तिचे नाव कोणी ठेवले, ती त्याच्या मागे ओढ्यावर कशी येई. पन्नास वर्षांत हे कोणी विचारले नव्हते म्हणे. पुढे ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला घेऊन गेलो. तो आधी नाखूश होता. वेड लागलेल्यांचा डॉक्टर नको म्हणाला. झोपेचे औषध मिळाले, आणि आठवड्यामागून आठवडे ती पहाट सावकाश, क्रमाने सांगायची असे ठरले. त्याची गोष्ट नेहमी उंबऱ्यापाशी संपत असे. डॉक्टरांनी विचारले, मग पुढे? पुढे काय झाले हे तो विसरला नव्हता, पण त्याने कधी जमेसच धरले नव्हते. तो परत गेला होता. माणसे येईपर्यंत दोन्ही हातांनी दगड उपसत होता. नखे निघाली होती.

"ते मी धरलंच नव्हतं, फादर," तो मला म्हणाला.

तो बरा झाला का? पहाटेची जाग अजून आहे. पावसाळ्यात तो आता घरात झोपतो, दाराजवळ. मूठ वळते तशी वळतेच. पण एक गोष्ट मला पूर्वी दिसली नव्हती ती आता दिसली. हा माणूस गवंडी का झाला? आणि कोणाचेही घर बांधताना, मालक पैसे देवो न देवो, खिडकी-दारांच्या वर भिंतीला चारही बाजूंनी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा तो घातल्याशिवाय राहत नाही. जमीन हलली तर असा पट्टा भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. आमच्या आवारभिंतीतही त्याने तो घातला होता आणि बिलात लावला नव्हता. मी हिशोबात चूक झाली समजून त्याला विचारलेसुद्धा नाही. २०२१ मध्ये डोंगर खचला तेव्हा तो निवाऱ्याच्या शाळेत गेला. काय केलेत, असे विचारले तर म्हणाला, "काय न्हाई. एका पोराजवळ बसलो."

गेल्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी आपण मिस्सामध्ये नावे वाचतो, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. बहिणीचे नाव त्यात घालता येईल का, एवढेच त्याला हवे होते. तिच्यासाठी प्रार्थना करायला कोणता नियम आड येणार होता? मी हो म्हटले. यादी तयार करणाऱ्या आमच्या युवकाने नाव वाचले आणि विचारले, "फादर, हे कोणत्या कुटुंबात लिहू?"

"वेगळ्या ओळीत लिही," मी म्हटले.